ऐकायला वेळ कुठाय?

डोळ्यांत बघा, मान डोलवा, 'हं हं' म्हणा, हा चांगलं ऐकण्यासाठी नेहमी दिला जाणारा सल्ला ठीक आहे. पण मान डोलवत मनात स्वतःचं उत्तर जुळवणारे पैशाला पासरी मिळतील. मला बोलायचंय ते "ऐकायचं कबूल, पण वेळ कुठाय?" या मुद्द्याबद्दल.

दवाखान्याचंच घ्या. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं (१९८४). पेशंट तक्रार सांगू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरातल्या एका रुग्णालयाच्या ओपीडीत उलटं करून पाहिलं: पेशंट आपणहून थांबेपर्यंत डॉक्टरांनी मध्ये बोलायचं नाही. २००२ साली निकाल छापून आला. पेशंट सरासरी दीड मिनिटात थांबले! पाचातले जवळजवळ चार जण दोन मिनिटांच्या आत. आणि हे काही साध्या सर्दी-पडशाचे पेशंट नव्हते.

आपल्याकडे बाहेर बाकड्यावर पन्नास जण खोळंबलेले असतात, मान्य. पण मध्येच तोडलं की "खोकला आहे" एवढ्यावर चिठ्ठी लिहून होते आणि चपला पायात सरकवताना आजी म्हणतात, "डॉक्टर, रात्री छातीतही जरा दाटल्यासारखं होतं हो." झालं, पुन्हा पहिल्यापासून.

त्यापेक्षा समोरच्याचं बोलणं संपलंसं वाटलं की "बरं, आणखी काय होतंय?" विचारावं आणि खरोखर गप्प बसावं. घरी दहावीतल्या पोरांशी बोलतानाही हे चालतं. सासूबाईंच्या बाबतीत दीड मिनिटाची हमी मी देत नाही.