मदत हवी आहे : एकाकी पडलेल्या छोट्या समूहात बाहेरचे प्राणी किती सोडावेत?

समूहात १०० प्रौढ आहेत. प्रजनन करणारे नर १०, माद्या ९०. डोकी शंभर असली तरी प्रभावी संख्या, म्हणजे जनुकं पुढच्या पिढीत पोचण्याच्या हिशेबाने धरायची संख्या, (४ × १० × ९०) ÷ १००, म्हणजे जेमतेम ३६. या हिशेबाने दर पिढीला सुमारे १.४ टक्के जनुकीय विविधता कायमची जाते. जवळच्या नात्यातल्या विणीमुळे पिल्लांची मर आणि शुक्राणूंतली विकृती दिसू लागेपर्यंत थांबणं धोक्याचं आहे.

नवी जनुकं यावीत म्हणून दर पिढीला बाहेरचा एक प्राणी आला की पुरे, हा 'पिढीला एक पाहुणा' असा जुना नियम पुरेसा वाटत नाही. पाहुणा नुसता येऊन भागत नाही, त्याची वीण व्हावी लागते. फ्लोरिडातल्या प्युमांसाठी (अमेरिकेतली मोठी रानमांजरं) १९९५ मध्ये टेक्सासहून ८ माद्या आणल्या, त्यानंतर नात्यातल्या विणीची खूण असलेल्या वाकड्या शेपट्यांचं प्रमाण घटलं. उलट अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर १९९७ मध्ये बर्फावरून आलेल्या एकाच नर लांडग्याची संतती सगळीकडे पसरली, पुढे तिच्यातच आपापसात वीण होत गेली आणि २०१८ मध्ये तिथे दोनच लांडगे उरले.

म्हणून विचारतो :

नर सोडावा की माद्या? मोजके नरच वीण करतात तिथे नवा नर एकतर बाजूला पडतो किंवा निम्म्या पिल्लांचा बाप होतो. मला ४-५ माद्या, त्याही दोन वेगळ्या ठिकाणच्या, बऱ्या वाटतात.

मूळ समूहाचं स्थानिक अनुकूलन (तिथल्या परिस्थितीशी जुळलेले गुण) पुसलं जाऊ नये म्हणून बाहेरच्या जनुकांचा वाटा किती टक्क्यांवर थांबवता?

गुणसूत्रांची संख्या जुळते, हे तपासलं आहे. दुसऱ्या पिढीत बाहेरच्यांशी झालेल्या संकराचे दुष्परिणाम कोणत्या खुणांवरून लवकर ओळखता?