टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास म्हणजे शिकवता येतं का?

खडूफळा: मी १८ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने आता मलाही २ वर्षांत टीईटी काढायचीय, १५० पैकी ९० मार्क, सगळे बहुपर्यायी प्रश्न... यातून माझं शिकवणं कसं कळणार हो?

माळरान: ताई, तळमळ पटते, पण मुलांच्या बाजूनेही बघा ना. वजाबाकीत हातचा का घेतो हेच आपल्याला नीट माहीत नसेल तर काय सांगणार? चाळणी हवीच.

डीएडवाला: असू दे चाळणी, पण डीएडला, म्हणजे शिक्षक होण्याच्या कोर्सला, पाठ घेताना मॅडम मागे बसायच्या आणि नंतर एकेक चूक समजावायच्या, त्यातून मी शिकलो. नोकरीत १२ वर्षांत असं कुणी बसलं नाही, ऑनलाइन माहिती भरायला मात्र सारखे फोन.

खडूफळा: हेच म्हणतेय. परीक्षा देईन, अभ्यास सुरूय, पण कुणीतरी वर्गात येऊन बसा.