विद्यापीठातलं पहिलं वर्ष: बुजऱ्या मुलामुलींनी ते कसं काढलं?

माझा भाचा यंदा विद्यापीठात गेला. मुळात अबोल. रात्री फोनवर "आज कोणाशी बोललास?" असं विचारलं की पलीकडे शांतता. त्याला उपदेश पुरेसा मिळालाय, म्हणून अनुभव गोळा करायचं ठरवलं. तुमच्यापैकी जे बुजरे होते किंवा आजही आहेत, त्यांनी पहिल्या वर्षाबद्दल लिहा. जे जमलं नाही तेही लिहा.

सुरुवात मी करते. हजेरीला "प्रेझेंट" म्हणायचं म्हटलं तरी माझ्या घशाला कोरड पडायची. माझं नाव यादीत शेवटाकडे, त्यामुळे आधीची सगळी नावं होईपर्यंत छातीत धडधड. चार वेळा आवाज इतका बारीक निघाला की गैरहजेरी लागली, आणि तास संपल्यावर पुढे जाऊन सांगायचं धाडस झालं नाही. पाचव्या वेळी शेजारची मुलगी उठून म्हणाली, "सर, ही आहे." दोन महिने आम्ही एकाच बाकावर बसत होतो आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं.

*

माझी गोष्ट वसतिगृहातली. रूममेट गप्पिष्ट, खोलीत सतत मित्रांचा राबता. मी कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड करून बसायचो. इअरफोनमध्ये काही चालू नसायचं, मी त्यांचं बोलणं ऐकत असायचो. त्यांना मी नकोसा आहे अशी माझी पक्की समजूत होती.

डिसेंबरात त्याची प्रॅक्टिकलची जर्नल अपुरी राहिली. माझा हात चित्रकलेत बरा, म्हणून त्याने आकृत्या काढायला मदत मागितली. दोन रात्री आम्ही एका टेबलावर बसलो. आधी फक्त "हे लेबल कुठे?" एवढंच. मग हळूहळू घरचं, भीतीचं, सगळंच निघालं. दोघांचेही डोळे कागदावर असले की मला बोलता येतं, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या रात्री तो म्हणाला, "आम्हाला वाटायचं, तुला आम्ही आवडत नाही." सहा महिने आम्ही एकमेकांबद्दल तोच गैरसमज धरून एका खोलीत राहिलो होतो. त्या सहा महिन्यांची हळहळ मला अजून वाटते.

*

मी मानसशास्त्र शिकवते, स्वतःही भिडस्त होते. वरचा अनुभव वाचून राहवलं नाही. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये नेमकं हेच मांडलं: पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसं प्रत्यक्षापेक्षा कमी बांधतात. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये ही तफावत कित्येक महिने टिकलेली दिसली.

"सगळे माझ्याकडेच बघताहेत" या भावनेवरही काम झालंय. थॉमस गिलोविच यांच्या 2000 सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळजवळ निम्म्या लोकांचं लक्ष गेलं असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण चौथा हिस्सासुद्धा भरला नाही.

मला स्वतःला सर्वांत धीर दिला तो 1992 च्या एका अभ्यासाने. मोरलँड आणि बीच यांनी चार तरुणींना एका वर्गात वेगवेगळ्या संख्येने तासांना बसवलं: एकही नाही, पाच, दहा, पंधरा. त्या कोणाशी बोलल्या नाहीत. तरी सत्राच्या शेवटी, जी जास्त वेळा येऊन बसली होती ती वर्गातल्या विद्यार्थ्यांना अधिक आवडली. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या अबोल मुलांना मी सांगते, बोलू नका हवं तर, पण तासाला या आणि जागा शक्यतो तीच ठेवा.

वर्गात मी आता प्रश्न विचारल्यावर लगेच हात वर करायला लावत नाही. एक मिनिट लिहायला देते, मग शेजाऱ्याला सांगायला, मग सगळ्यांसमोर. फरक पडतो.

*

माझं पहिलं वर्ष सुधारलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. मी तास चुकवू लागले, मग तीन आठवडे खोलीबाहेरच पडले नाही. पोटात गोळा, रात्री झोप नाही. हे लाजाळूपणाच्या पलीकडचं होतं. समुपदेशकांचं दार ठोठावणं अशक्य वाटायचं, म्हणून ईमेल केला. दोन ओळींचा, पण लिहायला चार दिवस लागले. उत्तरात त्यांनी वेळ दिली आणि पहिल्या भेटीत बरंचसं मला लिहूनच सांगू दिलं. एक विषय राहिला, तो पुढच्या वर्षी काढला. तुमच्या भाच्याचे तास चुकत असतील तर तेवढं मात्र विचारा.

*

मला कोणी काम दिलं की बोलता यायचं. विभागाच्या कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचं, यादीत खूण करायची. एका दुपारी शंभरेक जणांशी बोललो. कारण हातात होतं, ते शोधावं लागलं नाही. पुढे प्रत्येक वेळी मी तीच जागा मागून घेतली.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याने एकूण एक अनुभव वाचला. त्याचा एकच प्रश्न आहे: शेजारी बसणाऱ्याशी रोज मान हलवून ओळख दाखवली जाते, पण नाव विचारायचं राहून गेलं आणि आता तीन महिने झाले. आता कसं विचारू?

*

त्याला सांगा, "अरे, नाव विचारायचं राहूनच गेलं," एवढंच म्हण. मी तिसऱ्या सत्रात विचारलं होतं. त्यालाही माझं माहीत नव्हतं.