उत्तर: बाबांच्या पीसीतले जुने अंक – तातडीचं

प्रेषक: अंक समिती (मुक्काम शाहूपुरी, कोल्हापूर)
मंडळी, रविवारी रात्री परत निघतोय, म्हणजे हातात चारच दिवस. बाबांचा पीसी सुरू होतो, पण मधूनच टक् टक् आवाज येतो आणि पडदा गोठतो. २००४ ते २०१२ चे आपल्या मंडळाचे सगळे अंक यातच आहेत. मागच्या सभेतला विषय परत काढू नका. कॅबिनेटवर कंपनीचं नाव नाही, असेंबल करून घेतलेला आहे. आत बोर्ड (मदरबोर्ड) कुठला ते कसं ओळखायचं?

प्रेषक: संकेतस्थळ समिती
विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'एमएसइन्फो ३२' लिहा, एंटर. (टाईप इंग्रजीतच करायचं. यादीवर फक्त देवनागरी हा नियम ज्यांनी आणला त्यांना दंडवत.) 'सिस्टिम मॉडेल' या ओळीत काय दिसतं ते कळवा. फायली वेळेवर आमच्याकडे दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती, एवढंच.

प्रेषक: अंक समिती
तिथे 'टू बी फिल्ड बाय ओ. ई. एम.' असं आहे. हे कुठलं मॉडेल?

प्रेषक: नाटकवाले काका
अरे, तो कोरा रकाना आहे! बोर्ड बनवणारा ती जागा पीसी जोडणाऱ्यासाठी सोडतो. तुमच्या दुकानदाराने भरलीच नाही. सातबाऱ्यावर वारसाचं नाव लावायचं राहून जातं, तशातला प्रकार. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) 'डब्ल्यूएमआयसी बेसबोर्ड गेट मॅन्युफॅक्चरर, प्रॉडक्ट' असं लिही. बाबांचं विंडोज ७ आहे ना, त्यावर चालतं. नाहीतर बंद करून, वायर काढून बाजूचं झाकण उघड. नाव बोर्डावरच ठळक छापलेलं असतं, बहुतेक कार्डांच्या खाचांच्या आसपास. टॉर्च घे. आणि आधी फुंकर मारू नकोस, सगळी धूळ डोळ्यात जाते. मी मारली होती.

प्रेषक: खजिनदार
नवीन मशीनला कार्यकारिणीची मंजुरी नाही. फक्त एक बाहेरची डिस्क घ्यावी, पावतीसह. आणि १ टीबीची डिस्क लावल्यावर ९३१ जीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नये. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. यावर मागे सभेचा अर्धा तास गेला आहे.

प्रेषक: पुस्तकपेटी मावशी
एक नको, दोन घ्या. २०१९ च्या पुरात आमच्या माहेरी पीसी आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात होती, खालच्या कप्प्यात. पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा माणसं, गादी, गॅस सगळं वर नेलं. कपाट कुणाला आठवलंच नाही. दोन्ही गेलं. शाहूपुरीत राहून हे मी सांगायला नको.

प्रेषक: खजिनदार
दोन डिस्कांची पावती एकच चालेल.

प्रेषक: माजी अध्यक्ष
टक् टक् येत असेल तर विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवा, दुरुस्तीच्या पर्यायासह. रात्रभर लावून झोपा. आमच्या ऑफिसात नेहमी तेच करायचो.

प्रेषक: नाटकवाले काका
अध्यक्षमहाराज, कृपा करा! चांगल्या डिस्कवर ठीक आहे. आवाज करणाऱ्या डिस्कवर तो प्रत्येक कोपरा वाचत फिरतो, आणि त्या दमणुकीतच ती जीव सोडते. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाक, फुकट आहे. 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढे (म्हणजे डिस्कचे नीट वाचता न येणारे भाग) शून्याऐवजी काही दिसलं तर झाकण, बोर्ड सगळं बाजूला ठेव. आधी अंकाचा फोल्डर, मग फोटो, मग नाटकांची चित्रणं. चित्रणं पेन ड्राइव्हवर घेऊ नकोस. तो बहुधा फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेतच नाही. आपल्या २००९ च्या प्रयोगाचा एक तासच १३ जीबी आहे, आणि त्यातली १० मिनिटं पडदा अडकलेला.

प्रेषक: संकेतस्थळ समिती
पडदा अडकला तो दोरीमुळे. दोरी आम्ही बांधलेली नव्हती, एवढं नोंदवून ठेवतो.

प्रेषक: अंक समिती
पेंडिंग सेक्टर आहेत. काल रात्री रोबोकॉपी (विंडोजची फायली कॉपी करायची आज्ञा) लावून झोपलो. सकाळी सातला पाहिलं तर पहिल्या वाईट फाईलवरच अडकून बसलेला! तीस सेकंद थांबतो, परत प्रयत्न, परत तीस सेकंद. वाचलं तर मूळ सेटिंगच दहा लाख वेळा प्रयत्न करायची आहे. बाबा म्हणाले, ह्यो आमच्या आबांच्या वरताण हट्टी आहे. आता 'स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १' (एकदाच परत प्रयत्न, एकच सेकंद थांबणं) जोडून लावलंय, पळतंय. मागचा यूएसबी जुनाच, १८० जीबीला दोन तास तरी जाणार. इन्व्हर्टर आहे, लाईट गेली तरी चिंता नाही.

प्रेषक: पुस्तकपेटी मावशी
फॉन्ट घेतलेस का? ते अंक युनिकोडमधले नाहीत, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधले आहेत. नुसती पेजमेकरची (पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची) फाईल नेलीस तर इथे 'संपादकीय'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. २०१४ ला दिसलीच होती.

प्रेषक: अंक समिती
अगदी यासाठीच बोर्ड ओळखायचा होता! बाबांचं डीटीपीचं सॉफ्टवेअर डोंगलशिवाय (परवान्याची किल्ली म्हणून पोर्टला लावायचा तुकडा) उघडत नाही, आणि डोंगल जुन्या प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागतं. नव्या मशीनला ते पोर्ट कुठे शोधणार? काकांच्या आज्ञेने बोर्डाचं नाव मिळालं, पण पोर्ट तर पाठीमागे नुसतं वाकून पाहिलं असतं तरी दिसलं असतं, जांभळट रंगाचं.

प्रेषक: नाटकवाले काका
मग मशीन आणूच नको. तिथेच बसून एकेक अंक उघड आणि पीडीएफ करून घे. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवायला विसरू नकोस. मूळ फायली, फॉन्टचा फोल्डर आणि चित्रं वेगळी घे. पेजमेकर मोठी चित्रं पोटात ठेवत नाही, नुसता पत्ता ठेवतो.

प्रेषक: अंक समिती
आठ अंक झाले. एक डिस्क राजारामपुरीत आत्याकडे दुसऱ्या मजल्यावर ठेवली, दुसरी माझ्या हातातल्या बॅगेत. डोंगल बाबांनी बनियनच्या तुकड्यात गुंडाळून देवघरात ठेवलंय, विचारू नका. २००७ चा अंक मात्र मुखपृष्ठाशिवाय उघडतो. चित्राचा पत्ता 'ई' ड्राइव्हचा आहे आणि या पीसीला 'ई' नाहीच. कुणाकडे छापील प्रत?

प्रेषक: पुस्तकपेटी मावशी
माझ्याकडे आहे. वर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलंय, बरोबर दिव्याच्या ज्योतीवर. स्कॅन करून पाठवते.