मदत हवी आहे: नागपुरात आयव्हीएफ, पॅकेज १ लाख २० हजार. हाताशी किती ठेवावेत?

वर्धारोड_३४
पत्नी ३४, पती ३७. एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) १.४, गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या बंद, वीर्य तपासणी नॉर्मल. धंतोलीत १ लाख २० हजारांचं पॅकेज सांगितलं, 'औषधं वेगळी'. बचत अडीच लाख. बाहेरून काय काय निघतं? कंपनीची ग्रुप पॉलिसी चालेल का? शून्य व्याजाचा ईएमआय घ्यावा का?

लॅबवाली
आधी एचएसजीचा (नळ्यांच्या एक्स-रेचा) रिपोर्ट काढा आणि नळ्या नुसत्या बंद आहेत की पाण्याने फुगल्यात ते बघा. फुगलेली असेल तर ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि गर्भ रुजत नाही. म्हणून गर्भ सोडण्याआधी दुर्बिणीने नळी काढतात किंवा क्लिप लावतात. हा खर्च पॅकेजात धरलेला नसतो.

पॅकेज म्हणजे बहुतेक ठिकाणी एग पिकअप (अंडी बाहेर काढणं), लॅब आणि पहिला ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं). भूलतज्ज्ञाची फी, इक्सी (अंड्यात एकच शुक्राणू सुईने सोडणं), पाचव्या दिवसापर्यंत गर्भ वाढवणं, गोठवणं, साठवणुकीचं वार्षिक भाडं, मधल्या चार-पाच सोनोग्राफी यातलं आत काय, बाहेर काय, ते लेटरहेडवर लिहून मागा. तोंडी 'सगळं आलं ताई' ऐकून परत येऊ नका. पॅकेजवर जीएसटी लावला तर विचारा. आयव्हीएफ ही करमुक्त आरोग्यसेवा असल्याचं २०२२ मध्ये सरकारने स्पष्ट केलंय.

दवाबाजार
अंडी वाढवायच्या इंजेक्शनचा हिशेब युनिटमध्ये करा. एवढ्या एएमएचला डोस साधारण रोज २२५ ते ३०० युनिट. २२५ ने १० दिवस म्हणजे २२५०, ३०० ने १२ दिवस म्हणजे ३६००. पैसे ३६०० चे बाजूला ठेवा, पण माल चार-चार दिवसांचाच उचला. सोनोग्राफीनंतर डोस बदलतो आणि फ्रीजमधला माल दुकानदार परत घेत नाही.

दर '७५ युनिटला किती' असा विचारा, मग ब्रँडची तुलना होते. इंजेक्शनचे भरलेले पेन घेताना बेरीज जुळवा: २२५० साठी ९०० चे दोन आणि ४५० चं एक. ९०० चे तीन घेतले तर ४५० युनिट वाया. पाचव्या-सहाव्या दिवसापासून अंडं आधीच फुटू नये म्हणून रोज एक वेगळं इंजेक्शन असतं, शेवटी ट्रिगर (पिकअपआधी अंडी पक्व करणारं इंजेक्शन). हे दोन्ही लोक हमखास विसरतात.

गांधीबागेत स्वस्त पडेल, पण बाहेरचं औषध चालेल का हे सेंटरला आधी विचारा, बॅच नंबरासह बिल घ्या. मे महिन्यात डिक्कीत टाकून आणाल तर संपलंच. थर्मासच्या डब्यात आणा, मात्र बर्फाला चिकटवू नका. गोठलेलं इंजेक्शनही बाद.

हिशेबनीस
ढोबळ धरा: पॅकेज १,२०,०००, औषधं ९०,०००, गोठवलेल्या गर्भाचा एक ट्रान्सफर ५०,०००. झाले २,६०,०००. तुमची बचत इथेच संपली, आणि हे सगळं सुरळीत झालं तर. अंडी कमी वाढली म्हणून सायकल (उपचाराची फेरी) मध्येच थांबली, किंवा पिकअप झाला पण गर्भ बनला नाही, तर किती परत मिळणार? प्रत्येक टप्प्याचं उत्तर वेगळं लिहून घ्या. औषधांचे पैसे मात्र गेलेच.

पॉलिसीत 'वंध्यत्व' वगळणी यादीत १७ क्रमांकाला असते. ग्रुप पॉलिसीत कधीकधी ठरावीक मर्यादेपर्यंत देतात, म्हणून एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. एजंटच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

ईएमआयचं दुखणं व्याजात नाही. प्रोसेसिंग फी लागते आणि सगळी रक्कम पहिल्याच दिवशी सेंटरकडे जाते. सायकल रद्द झाली की परताव्यासाठी तुम्ही सेंटरच्या दारात आणि हप्ता चालूच.

वर्धारोड_३४
रिपोर्ट पाहिला. 'उजवी नळी फुगलेली' लिहिलंय.

लॅबवाली
मग क्रम विचारून घ्या. नळी काढताना अंडाशयाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. एएमएच १.४ असताना आधी पिकअप करून गर्भ गोठवायचे, मग नळीची शस्त्रक्रिया, मग ट्रान्सफर, असं करता येईल का? तसं ठरलं तर ताजा (न गोठवलेल्या गर्भाचा) ट्रान्सफर होणारच नाही. पॅकेजातल्या त्या ट्रान्सफरऐवजी गोठवलेल्याचा देणार का, हे पैसे भरण्याआधी मिटवा. अडीच लाख पिकअप आणि गोठवण्यापर्यंत पुरतात. शस्त्रक्रियेचे पैसे मधल्या दोन-तीन महिन्यांत जमवा. गोठवलेले गर्भ तेवढे थांबतात, त्यासाठी आत्ता कर्ज नको.