पावसाळी गटारात कचरा ओतणं कसं थांबवायचं? मदत हवी आहे

रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात लोक सर्रास काहीही ओततात, बांधकामवाले सिमेंटचं पाणी, गॅरेजवाला जुनं ऑइल, झाडणारेपण पाला तिथेच लोटतात. सगळ्यांना वाटतं हे पाणी ड्रेनेजसारखं प्रक्रियेला जातं, पण लाइन वेगळी असेल तर ते डायरेक्ट नदीनाल्यात जातं ना, आणि सिमेंट आत एकदा घट्ट बसलं की मग लाइन फोडायचीच वेळ येते. बोर्ड लावून झाला, आता त्याच्याखालीच पिशव्या ठेवतात (काय बोलणार!). बारीक जाळी बसवली तर कचरा अडेल पण ती साफ कोण करणार, नाहीतर पहिल्याच पावसात रस्ता तुंबायचा. फोटो आणि वेळ टाकून तक्रार केली तर दंड खरंच होतो का? कुणाकडे कशाने फरक पडला असेल तर प्लीज सांगा.