मदत हवी आहे: अमेरिकेत सीएएचं (भूल देणाऱ्या असिस्टंटचं) लायसन्स, स्टेटप्रमाणे नेमकं कसं असतं?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक बायोलॉजी करतेय आणि तिच्या डोक्यात आता सर्टिफाइड अनेस्थेसिऑलॉजिस्ट असिस्टंट (सीएए) व्हायचं बसलंय, म्हणजे भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखाली भूल देणारे असतात ना, ते. साधारण दोन-सव्वादोन वर्षांचं मास्टर्स, मग एनसीसीएए, म्हणजे सीएएंना सर्टिफिकेट देणारी राष्ट्रीय संस्था, तिची परीक्षा, इथपर्यंत कळलं. पण ती परीक्षा देशभर एकच असली तरी काम करायची परवानगी स्टेट देतं, आणि आमच्या न्यू जर्सीत ती नाहीच! कॅलिफोर्नियातही नाही. जॉर्जिया, ओहायो, फ्लोरिडात आहे, नेवाडाने २०२३ मध्ये कायदा केला, वॉशिंग्टनने २०२४ मध्ये. टेक्सासमध्ये मात्र सीएएंना लायसन्स नाही, डॉक्टरांनी त्यांना काम सोपवायचं अशा पद्धतीवर चालत आलंय म्हणे, हे मला जरा विचित्रच वाटतं.

तर कोणी स्वतः सीएए असेल किंवा घरात कोणी असेल तर सांगा, पास झाल्यावर लायसन्स हातात पडायला किती वेळ लागतो, तोवर नोकरी अडकून राहते का, आणि उद्या लग्न होऊन दुसऱ्या स्टेटला गेली तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून का? आमच्या हिचं म्हणणं की त्यापेक्षा नर्सिंग करून सीआरएनए (भूल देणारी नर्स) हो, ते पन्नासही स्टेट्समध्ये चालतं. पण त्याला आधी आयसीयूचा अनुभव लागतो आणि लेकीला नर्सिंग अजिबात नकोय. टेक्सासवाल्यांनी प्लीज नक्की लिहा, तिथल्या हॉस्पिटलमध्ये रुजू होताना काय काय मागतात ते.